अर्ध्या आट्याचा हिशेब

“स्टीम लाइनमधलं पाणी काढायला ट्रॅप कशाला हवेत? ड्रेनचा व्हॉल्व्ह अर्धा आटा उघडा ठेवा, पाणी आपोआप जातं. ट्रॅप आज बसवला की वर्षभरात अडकतो, नाहीतर वाफ सोडत बसतो. मग तो बदला, पुन्हा पैसे. अर्ध्या आट्याला खर्च नाही.”

सायझिंगच्या शेडमध्ये, कापड प्रोसेसिंगच्या कारखान्यात, साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता ते मत राहिलेलं नाही, रिवाज झाला आहे. फिटर हे बोलतो तेव्हा त्यामागे त्याचा अनुभव असतो, आणि त्या अनुभवाचा मान ठेवून उत्तर द्यायला हवं. पण ज्यांच्या सहीने खरेदी होते, ज्यांनी थर्मोडायनॅमिक्सचा पेपर देऊन पदवी घेतली, तेही जेव्हा मीटिंगमध्ये हेच वाक्य “प्रॅक्टिकल” म्हणून सांगतात, तेव्हा गप्प बसणं चुकीचं आहे. अर्धा आटा प्रॅक्टिकल नाही, स्वस्त नाही आणि सुरक्षित तर मुळीच नाही.

आधी त्यांच्या म्हणण्यातलं जे खरं आहे ते मान्य करतो. ट्रॅप बिघडतात. लाइन नवीन असेल तर वेल्डिंगचा कचरा, जुनी असेल तर गंजाचे पापुद्रे वाहत येतात आणि ट्रॅपच्या आधीच्या स्ट्रेनरमध्ये अडकतात. तो स्ट्रेनर वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. एक दिवस पाणी जाणं बंद होतं, लाइन ठोकायला लागते, फिटर येऊन ट्रॅपचा बायपास थोडा उघडतो आणि आवाज थांबतो. त्याच्या दृष्टीने प्रयोग झाला, निष्कर्ष निघाला: ट्रॅप निकामी, बायपास कामाचा. निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चूक. त्या क्षणी पाण्याला वाट नव्हती, ती मिळाली, एवढंच त्यातून सिद्ध होतं. तीच वाट दिवसाचे चोवीस तास, प्रत्येक दाबाला, थंड लाइनला आणि गरम लाइनलाही योग्य आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आकडे मांडून बघू. 100 मिलीमीटरची, 100 मीटर लांबीची साधी स्टीलची लाइन घ्या, दाब 10 बार. पाइपचं वजन मीटरला साधारण 16 किलो, म्हणजे एकूण 1600 किलो लोखंड. सकाळी ते 30 अंशांवर असतं आणि वाफेच्या तापमानाला, 184 अंशांपर्यंत, न्यायचं असतं. त्यासाठी लागणारी उष्णता वाफ स्वतःचं पाणी करूनच देते. हिशेब केला तर सुमारे 60 किलो पाणी होतं. लाइन अर्ध्या तासात तापवली, तर तासाला 120 किलोच्या वेगाने हे पाणी काढावं लागेल. आता लाइन तापली, इन्सुलेशन धड आहे, तर त्याच 100 मीटरमध्ये तासाला 15 ते 20 किलो पाणी होतं. इन्सुलेशन फाटलं असेल आणि वर पाऊस कोसळत असेल, तर आकडा पुन्हा कित्येक पटींनी चढतो.

म्हणजे काढायच्या पाण्याचं प्रमाण एकाच दिवसात सहा-सात पटींनी बदलतं, आणि अर्धा आटा मात्र दिवसभर अर्धा आटाच राहतो. सकाळच्या पाण्याला पुरेल इतका व्हॉल्व्ह उघडला, तर उरलेला दिवस त्यातून जिवंत वाफ जाते. दुपारच्या पाण्यापुरता ठेवला, तर सकाळी पाणी तुंबतं. या दोन्हींच्या मधली अशी एकही जागा नाही, जी दोन्ही वेळेला बरोबर ठरेल. ट्रॅप नेमकं एवढंच करतो: पाणी आलं की उघडतो, वाफ आली की मिटतो. दर मिनिटाला व्हॉल्व्हजवळ उभं राहून कोणी माणूस हे करणार नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा करणंही अन्याय आहे.

शिवाय अर्ध्या आट्यावर ठेवलेला ग्लोब व्हॉल्व्ह फार काळ अर्ध्या आट्याचाही राहत नाही. अरुंद फटीतून पाणी आणि वाफ प्रचंड वेगाने घासत जातात, सीटवर चर पडतात. काही महिन्यांनी तो पूर्ण आवळला तरी बंद होत नाही. खर्च नाही म्हणून केलेली सोय अशी एक व्हॉल्व्ह खाऊन बसते, आणि त्याची नोंद कुठेच “ट्रॅप न लावल्याचा खर्च” म्हणून होत नाही.

वाफेचा खर्चही बघा. 7 बारच्या लाइनवर 3 मिलीमीटरचं भोक तासाला साधारण 25 ते 30 किलो वाफ सोडतं. वर्षाला 8000 तास चालणाऱ्या प्रोसेसिंगच्या कारखान्यात ही 200 टन वाफ झाली. एक किलो कोळशाला सहा किलो वाफ धरली, तर तीस टनांच्या वर कोळसा, फक्त एका भोकातून. अर्धा आटा उघडलेली फट बऱ्याचदा याहून मोठी असते, आणि असे ड्रेन एका कारखान्यात एक-दोन नसतात.

साखर कारखान्यातून यावर ठरलेलं उत्तर येतं: “आमचा बगॅस फुकट आहे.” तो फुकट होता तो काळ गेला. आज बगॅस कागद कारखान्याला विकता येतो, को-जनमध्ये जाळून त्याची वीज महावितरणला देता येते, हंगामानंतरही बॉयलर चालवायला साठवता येतो. एक किलो बगॅसवर दोन-सव्वादोन किलो वाफ मिळते. दीडशे दिवसांच्या हंगामात ते एक 3 मिलीमीटरचं भोक चाळीसएक टन बगॅस संपवतं. उसाच्या दरासाठी शेतकरी रस्त्यावर बसतो तेव्हा ताळेबंदातला एकेक रुपया मोजून दाखवला जातो. ड्रेनमधून जाणारा रुपयाही त्याच ताळेबंदातला आहे.

पण माझा मुख्य आक्षेप इंधनाबद्दल नाही. अर्ध्या आट्याच्या भरवशावर मुळातला दोष झाकला जातो, आणि तो दोष पाइपिंगमध्ये असतो.

कुठल्याही जुन्या शेडमधला एखादा ड्रेन जवळ जाऊन बघा. 150 मिलीमीटरची मुख्य लाइन, तिच्या पोटाला भोक पाडून वेल्ड केलेला 15 मिलीमीटरचा निप्पल, खाली व्हॉल्व्ह, आणि गटारात सोडलेला पाइपचा तुकडा. लाइनमधली वाफ सेकंदाला 25 ते 30 मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास, पळत असते. तळाशी धावणारं पाणी त्या बोटभर भोकावरून पुढे निघून जातं, थोडंसं खाली पडतं. तिथे जगातला सर्वोत्तम ट्रॅप लावा, तो काहीही करू शकणार नाही, कारण पाणी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. मग नाव वाईट होतं ते ट्रॅपचं.

पाणी पकडायला खड्डा लागतो, ज्याला ड्रेन पॉकेट म्हणतात. 100 मिलीमीटरपर्यंतच्या लाइनला पॉकेटचा व्यास लाइनइतकाच असावा, म्हणजे तिथे सरळ टी बसवावा. खोली किमान 100 मिलीमीटर, आणि ट्रॅपकडे जाणारी नळी पॉकेटच्या तळातून न काढता बाजूने काढावी, म्हणजे कचरा तळाशी बसतो आणि अधूनमधून तळाचा व्हॉल्व्ह उघडून धुऊन काढता येतो. असे पॉकेट सरळ लाइनवर दर 30 ते 50 मीटरला हवेत. जिथे लाइन वर चढते त्याच्या पायथ्याशी, लाइनच्या शेवटाला आणि कंट्रोल व्हॉल्व्हच्या आधी तर हवेतच हवेत. लाइनला वाफेच्या दिशेने शंभराला एक असा उतार हवा. हे सगळं फार जुनं ज्ञान आहे, आणि त्यात परदेशातून मागवावं असं काहीही नाही. टी, प्लेट आणि वेल्डर प्रत्येक औद्योगिक वसाहतीत आहे.

उतारालाच धरून आणखी काही चुका. लाइन लहान करताना आपल्याकडे सरसकट मध्यकेंद्री रिड्यूसर लावतात. त्यामुळे तळाशी पायरी तयार होते आणि पायरीमागे कायमचं डबकं साचतं. तिथे तळ सपाट राहील असा एक्सेन्ट्रिक रिड्यूसर हवा. वाय-स्ट्रेनरची टोपी खाली लोंबत ठेवली तर ती पाण्याचा कप होते. वाफेच्या लाइनवर ती आडवी, बाजूला वळवून बसवायची असते. मशीनकडे जाणारी शाखा मुख्य लाइनच्या पोटातून काढली, तर मशीनला वाफेऐवजी पाणी पाजलं जातं. शाखा नेहमी डोक्यावरून घ्यावी. दोन सपोर्टमधलं अंतर वाढलं की पाइपला झोळ येतो आणि झोळात पाणी. यातली एकही गोष्ट अर्ध्या आट्याने दुरुस्त होत नाही. उलट ड्रेनमधून धूर निघताना दिसतो, म्हणून पाणी निघतंय असा समज होतो आणि डबकी तशीच राहतात.

त्या डबक्यांचं काय होतं, याबद्दल आपल्याकडे सगळ्यात धोकादायक वाक्य बोललं जातं: “लाइन थोडी वाजणारच.”

लाइन वाजते तेव्हा आत काय चाललेलं असतं? एक प्रकार सरळ आहे. तळाचं पाणी वाढत जातं, वाफेच्या वेगाने त्याच्या लाटा उठतात, एक लाट पाइपच्या छताला टेकते आणि पाण्याचा गोळा पूर्ण व्यास भरून बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. पुढचं बेंड किंवा व्हॉल्व्ह त्याला अडवतो. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्की यांनी 1897-98 मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून या आघाताचं सूत्र दिलं. पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरने एकदम तुटला, तर दाब बारा-तेरा बारने उसळतो. दहा मीटरने तुटला, तर शंभर बारच्या पुढे. 10 बारच्या लाइनवर बसवलेला बीडाचा व्हॉल्व्ह हे कसं सोसणार? बीड वाकत नाही, फुटतं.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे, कारण त्याला वेगही लागत नाही. तळाशी थंड झालेलं पाणी, वर वाफ. मध्येच पाण्याची लाट उठून वाफेचा एक कप्पा दोन्हीकडून बंद करते. चहूबाजूंनी थंड पाण्यात सापडलेली ती वाफ क्षणात पाणी होते. 7 बारला एक किलो वाफ 240 लिटर जागा व्यापते, तिचं पाणी झालं की जेमतेम एक लिटर. ती रिकामी जागा भरायला दोन्हीकडचं पाणी एकमेकांवर आदळतं. “आम्ही व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो” हे उत्तर इथे पुरत नाही. शांत दिसणाऱ्या लाइनमध्येही हे घडतं.

“आमच्याकडे वीस वर्षं असंच चाललंय” असं म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्कची गोष्ट नीट वाचावी. कॉन एडिसन कंपनी तिथे रस्त्याखालून शहराला वाफ पुरवते. मॅनहॅटनमध्ये लेक्सिंग्टन अव्हेन्यू आणि 41व्या रस्त्याच्या चौकाखालची लाइन 1924 मध्ये टाकलेली होती. ती 83 वर्षं चालली. 18 जुलै 2007 रोजी सकाळी जोराचा पाऊस झाला, जमिनीतलं पाणी पाइपला लागलं आणि आतली वाफ भराभर पाणी होऊ लागली. अशा वेळी पाणी काढण्यासाठीच तिथे दोन ट्रॅप होते. पण गळती थांबवण्यासाठी पूर्वी भरलेल्या इपॉक्सीचे तुकडे आत वाहत जाऊन ते ट्रॅप तुंबले होते. पाणी साठलं आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, कार्यालयं सुटायच्या वेळी, लाइन फुटली. रस्त्यात खड्डा पडला, एक टो-ट्रक त्यात पडून चालक गंभीर भाजला, वाफेचा लोट शेजारच्या क्रायस्लर बिल्डिंगच्याही वर गेला. पळताना एका स्त्रीचा हृदयविकाराने मृत्यू झाला, 40 हून अधिक लोक जखमी झाले. त्याआधी 19 ऑगस्ट 1989 रोजी याच शहरात ग्रॅमर्सी पार्कजवळ, बंद ठेवलेल्या लाइनमध्ये पुन्हा वाफ सोडताना, आत साठलेल्या पाण्याने असाच स्फोट झाला होता. त्यात कंपनीचे दोन कामगार आणि एक रहिवासी गेले.

यावर कोणी म्हणेल, “बघा, ट्रॅप असूनही लाइन फुटली.” हो, तुंबलेला ट्रॅप हा ट्रॅप नसतोच. म्हणूनच ट्रॅप बसवून विसरणाऱ्यांशी माझा वाद तितकाच आहे. पण जिथे दोन ट्रॅप तुंबल्यावर इतकं झालं, तिथे मुळातच पॉकेट आणि ट्रॅप नसलेल्या लाइनबद्दल निश्चिंत कसं राहता येईल? आणि 83 वर्षांचा निर्वेध इतिहास त्या संध्याकाळी कामाला आला नाही, तर वीस वर्षांचा कसा येणार?

आणखी एक सवय मोडायला हवी, जी अर्ध्या आट्याच्याच विचारातून आली आहे. लाइन ठोकायला लागली की माणसाला पळवतात, “जा, ड्रेन उघड.” पाणी साठलंय, वर दाबाची वाफ आहे, आणि ड्रेन उघडताच ते थंड पाणी हलतं, त्याच्या मागे वाफ घुसते. लाट उठायला आणि कप्पा कोंडायला याहून चांगली संधी नाही. म्हणजे त्या माणसाला आपण बरोबर आघाताच्या जागी पाठवतो. ठोकणाऱ्या लाइनची वाफ आधी दुरून बंद करायची, दाब उतरू द्यायचा, मग पाणी काढायचं आणि लाइन पुन्हा सावकाश तापवायची. हा क्रम बॉयलर हाउसच्या भिंतीवर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलेला असावा.

“आमची वाफ सुपरहीटेड आहे, आमच्याकडे पाणी होतच नाही,” हा को-जनवाल्यांचा दावा. चालू लाइनपुरता तो बराचसा खरा आहे. पण थंड लाइन सुरू करताना सुपरहीटेड वाफही लोखंडावर पाणीच होते. स्टँडबाय लाइनमध्ये, बंद व्हॉल्व्हमागच्या तुकड्यात वाफ हलत नाही, तिथे पाणी साचतं. आणि डीसुपरहीटरमध्ये फवारा जास्त झाला तर पुढे पाणीच जातं. टर्बाइनच्या पात्यांवर ते आदळलं तर काय होतं, हे या मंडळींना मी सांगायला नको. “लाइन आयबीआर पास आहे” हेही उत्तर नाही. साडेतीन किलो दाबावरची, किंवा 254 मिलीमीटरहून मोठ्या आतल्या व्यासाची आणि एक किलोहून जास्त दाबाची स्टीम लाइन बॉयलर कायद्याखाली येते, तिचं साहित्य, जाडी, वेल्डिंग तपासलं जातं, आणि ते जपायलाच हवं. पण हायड्रॉलिक टेस्टला दाब सावकाश चढतो. पाण्याच्या गोळ्याचा दाब सावकाश चढत नाही.

कापडाकडे थोडक्यात येतो, कारण इचलकरंजी-सोलापूरचा वाचक विचारील. ओली वाफ आली की सायझिंगच्या सिलिंडरवर ताणा सारखा वाळत नाही, रंगाईची बॅच लांबते. मग सुपरवायझर दाब वाढवायला सांगतो. दाब वाढला की अर्ध्या आट्यातून वाफ आणखी जाते, आणि सिलिंडरमधलं पाणी जिथल्या तिथेच.

काय करायचं, हे अवघड नाही. शटडाउनला लाइन चालत फिरून बघा आणि पॉकेट कुठे नाहीत त्याची यादी करा. मुख्य लाइनला थर्मोडायनॅमिक ट्रॅप लावा. तो डिस्कचा असतो, टक् करून उघडतो, टक् करून मिटतो, आणि लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवून मूठ कानाला लावली तर ते स्पष्ट ऐकू येतं. अखंड फुसफुस ऐकू आली तर तो वाफ सोडतोय, काहीच ऐकू आलं नाही आणि हाताला गार लागला तर तुंबलाय. दर तीन महिन्यांनी एका फिटरने वही घेऊन सगळे ट्रॅप असे तपासावेत, स्ट्रेनर साफ करावेत, आणि जो ट्रॅप नापास होईल तो त्याच आठवड्यात बदलायचा अधिकार त्याला असावा. बायपास ठेवायचाच असेल तर तो उघडा राहिला की वहीत नाव, वेळ आणि कारण यायला हवं.

आणि सर्वांत आधी हंगामाच्या तोंडाशी बदल हवा. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, मग गव्हाणीत मोळी टाकायचा दिवस ठरतो, पाहुणे येतात, पत्रिकेत वेळ छापलेली असते. सहा महिने थंड पडलेल्या, पावसाळा सोसलेल्या लाइनी तेव्हाच पहिल्यांदा तापतात, म्हणजे सर्वाधिक पाणी होण्याची वेळ आणि सर्वाधिक घाईची वेळ एकच. त्या दिवशी बॉयलर अटेंडंटवर फोन येत राहतात: वाफ सोडा, वाफ सोडा. त्याच्या हातात लेखी अधिकार द्या, की प्रत्येक ड्रेनमधून पाणी पूर्ण निघून कोरडी वाफ दिसेपर्यंत मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण उघडला जाणार नाही, मग फोन कोणाचाही असो. त्यावर कार्यकारी संचालकांची सही असू दे. मोळी चार तास उशिरा पडली तर पाहुण्यांना चहा द्या आणि कारण सांगा.